सेम सेम

“मिस्टर चान, सेम सेम?” असं त्या बाईने हसून विचारलं आणि चंद्रहासची मान हलली. हो म्हणून हलली, अगदी घरच्यासारखी. मग त्याच्या लक्षात आलं असावं की शेजारच्या बुटक्या लाल स्टुलावर आज शर्मिला बसली आहे, कारण ती मान मध्येच थांबली आणि हात उगाचच पाण्याच्या बाटलीकडे गेला. पण बाई तोवर आत वळलीही होती. घडलं ते एवढंच. रस्त्यावरून एक सायकल गेली, समोर तळ्याकाठी दोन म्हातारे सोंगट्यांचा काहीतरी खेळ खेळत होते, टेबलाच्या मधोमध मातीच्या शेगडीत निखारे नुकते लाल व्हायला लागले होते. शर्मिलाने त्या निखाऱ्यांकडे बघत तो प्रश्न मनाशी पुन्हा म्हणून पाहिला. सेम सेम. नेहमीचंच ना? नेहमीचं म्हणजे काय ते तिला अजून कळलं नव्हतं, पण नेहमीचं असं काहीतरी इथे आहे, एवढं कळून चुकलं होतं.

मिस्टर चान म्हणजे चंद्रहास गायधनी, मूळचा नाशिकचा, गेली पंधरा वर्षं कुवेतला शुऐबाच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनियर, आणि अठरा वर्षं तिचा नवरा. व्हिएतनामच्या किनाऱ्यावर एक नवी रिफायनरी उभी राहायची होती, तिच्या कामासाठी कंपनी त्याला वर्षभर दर दोन महिन्यांनी इथे पाठवत होती. शहराचं नाव थान्ह होआ. शहर म्हणायचं ते जिल्ह्याचं ठिकाण म्हणून. सकाळी खांबावरच्या कर्ण्यातून कसल्यातरी सूचना, दुपारी सगळं गाव झोपलेलं, संध्याकाळी तळ्याभोवती फेऱ्या. “आपलं सटाणाच गं, फक्त केळी जास्त,” असं तो फोनवर सांगायचा. आणि पुढे ठरलेलं वाक्य असायचं, “इथे माझे खाण्याचे फार हाल होतात.” ते ऐकून जाब्रियाच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर रक्ताच्या नळ्या तपासून आलेली शर्मिला फहाहीलच्या घरी ओट्याशी उभी राहून डाळी भाजायची. मेतकूट, भाजणी, दाण्याची चटणी, लसणाची वेगळी, डब्यांवर चिकटपट्टी लावून वर बॉलपेनने नाव आणि महिना. उपाशी माणसाची बॅग भरताना बाईला जे वाटतं ते सगळं तिला वाटायचं. या जूनमध्ये जुईली, त्यांची चौदा वर्षांची मुलगी, सुट्टीला नाशिकला आजीकडे गेली होती, आणि चंद्रहासनेच म्हटलं होतं, चल की तू पण या वेळी, तेवढीच आठवडाभर विश्रांती. आज संध्याकाळी हॉटेलातून निघताना मात्र तो म्हणत होता, खोलीतच काहीतरी मागवू. तीच म्हणाली, नको, ती तळ्याकाठची शेगडीवाली दुकानं छान दिसतायत, तू कुठे बसतोस ते तरी बघू. खरं तर त्याने तेव्हाच पोट दुखत असल्याचं सोंग करायला हवं होतं. पण वर्षभर निवांत राहिलेल्या माणसाला सावधपणाची सवय सुटलेली असते.

बाईने दोन्ही हातांवर तोलून ताटल्या आणल्या. पहिल्या ताटलीत बांगडे होते. दुसऱ्या देशातले म्हणून काही वेगळे नव्हेत, पाठीवर तेच हिरवे-निळे पट्टे, पोट तसंच चंदेरी, मधोमध चिरून त्यात कांद्याची पात भरलेली. दुसरीत डुकराच्या मांसाच्या पातळ चकत्या, तिसरीत माकुळ, म्हणजे स्क्विड. शिवाय टोपलीभर पाला, कच्च्या केळ्याच्या चकत्या, तांदळाचे कागदासारखे पापड, आणि वाटीत तांबूस पाणी. “हे आपलं नसेल, बाजूच्या टेबलाचं असेल,” चंद्रहास म्हणाला. बाजूचं टेबल रिकामं होतं. बाईने जाळीवर बांगडे मांडले, कात्री आणि चिमटा उचलला, आणि दांडी पुढे करून त्याच्या हातात दिला. तो हातच शर्मिलाला पुढे कितीतरी दिवस दिसत राहिला. चिमटा घेताना तो बोलत होता काहीतरी, दुकानात गोंधळ होतो, यांना इंग्रजी येत नाही, वगैरे. आणि बोलता बोलता त्या हाताने बांगडा शेपटीकडून अलगद धरला, कातडी जाळीला चिकटणार नाही असा किंचित सरकवला आणि पालथा केला. मासा कधी उलटायचा हे सांगून कळत नाही. तिच्या आईला कळायचं. तव्यावरच्या आवाजावरून कळायचं. शर्मिलाला आता कळलं असतं की नाही कोण जाणे, पण ज्या माणसाला म्हणे माशाच्या वासानेच मळमळतं त्याच्या हाताला ते कळत होतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी तिने काहीतरी समजूत करून घेतली असती, बायका घेतात. पण त्या बाईला तेवढ्यात उमगलं की ही मिस्टर चानची बायको. तिने आनंदाने टाळी वाजवली, आत धावत गेली आणि एक डबा घेऊन आली. स्टीलचा, कडेला पोचा आलेला. झाकणावर चिकटपट्टी आणि त्यावर शर्मिलाचं तिरपं अक्षर, ‘मेतकूट, एप्रिल’. “मिस्टर चान गिव्ह,” बाई म्हणाली. मग बोटांनी चिमूट सोडल्यासारखं करत, डुकराच्या चकत्यांकडे दाखवत म्हणाली, “व्हेरी गुड! विथ पोर्क!” आणि शर्मिलाचा हात हातात घेऊन तिने तो मनापासून दाबला. शर्मिला हसली. तिला खरंच हसू आलं. नाशिकच्या गायधन्यांच्या घरातलं मेतकूट, सोवळ्यात दळलेलं, तिच्या सासूबाईंनी शेजारी उभं राहून शिकवलेलं, जिरं किती नि हिंग किती. ते इथे डुकरावर भुरभुरून झालं होतं, आणि चांगलं लागत होतं म्हणे.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“काय कधीपासून?”

“चंद्रहास.”

त्याने चिमटा खाली ठेवला. “इथे आल्यापासून. वर्ष झालं. अगं, साइटवरचे सगळे खातात, त्यांनी प्रेमाने पुढे केलं की नाही म्हणता येत नाही. लोक दुखावतात. शप्पथ सांगतो, फक्त इथे. कुवेतला कधीच नाही, आणि भारतात तर प्रश्नच नाही.” मग तिचा चेहरा बघून त्याने एक तुकडा कात्रीने कापला, काटा काढला, पापडात पाला घालून त्याची सुरळी केली आणि तिच्यापुढे धरली. हे त्याने लाडाने केलं, हेच वाईट. “तू पण घे ना. तू तर लहानपणी खायचीस. घे, इथे कोण बघतंय?”

इथे कोण बघतंय. शर्मिलाच्या कानात ते वाक्य तापलेल्या तेलासारखं उतरलं. अठरा वर्षांत तिच्याकडे तरी कोण बघत होतं? नव्वद साली चेंबूरच्या लॅबमध्ये नोकरी करणारी वेंगुर्ल्याची शर्मिला आरोसकर त्याच्याशी लग्न करून नाशिकला आली, तेव्हा सासूबाईंनी दोघांना देवघरापुढे बसवलं होतं. रागावून नव्हे, गोड बोलून. “मला बाकी काही नको. तुम्ही कुठेही राहा, आमच्या घरात जे खात नाहीत ते दोघांनीही खायचं नाही. माझ्या पाठीमागेही नाही. एवढा शब्द द्या.” चंद्रहासने ताम्हनावर हात ठेवला, मग हिने ठेवला. मासे सोडणं म्हणजे काय ते तेव्हा तिला कळलं नव्हतं. बावीस वर्षांच्या मुलीला सोडण्यात सुद्धा एक ऐट वाटते. शिवाय प्रेम होतं. पुढे त्र्याण्णवला कुवेतला आले, लढाई संपून दोन वर्षं झाली होती, बिल्डिंगच्या जिन्यात गोळ्यांची भोकं अजून तशीच होती, आणि पहिल्याच महिन्यात, एका शुक्रवारी, ती फहाहीलच्या मासळी बाजारात शिरली. काही ठरवून नाही. वासाने ओढलं. झुबैदी म्हणून ढिगारे लावले होते, बघते तर आपलं पापलेट. दोन घेतली. समुद्र ओलांडला की शब्दही थोडा पलीकडेच राहतो, अशी काहीतरी तिने मनाची समजूत घातली असणार. हळद-मीठ लावून तुकडे तव्यावर टाकले आणि दाराशी चंद्रहासच्या किल्ल्या वाजल्या.

त्याने एसी बंद केला आणि ऑगस्टच्या भर दुपारी घरातल्या सगळ्या खिडक्या एकेक करून उघडल्या. मग गॅलरीत खुर्ची टाकून बसला. बाहेर सत्तेचाळीस अंश. दोन तास बसला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता, आणि आत ती गॅस बंद करून उभी, तव्यातलं तेल थिजेपर्यंत. शेवटी ती गॅलरीत गेली तेव्हा तो म्हणाला, “मला वासानंच मळमळतं गं. पण मी तुला काही म्हणत नाही.” काही म्हणत नाही, असं म्हणणारा माणूस सगळं म्हणून झालेला असतो, पण हे कळायला संसार थोडा जुना व्हावा लागतो. तिने ते तुकडे तव्यासकट समोरच्या झुलेखाकडे नेऊन दिले. झुलेखा रत्नागिरीकडची, नवरा बंदरावर कामाला. तिने तुकडे घेतले, तवा घासून परत दिला आणि म्हणाली, “अगो, माहेर काय असं तव्यात घालून देऊन टाकतात?” त्यानंतर पंधरा वर्षं शर्मिलाने मासा तोंडात घातला नाही. घरात नाही आणि बाहेरही नाही. लॅबमध्ये केरळी पोरी गुरुवारी मीन करीचा डबा उघडायच्या तेव्हा ती खिडकीशी जाऊन दही-भात खायची. हॉस्पिटलच्या पार्टीत तिच्यासाठी वेगळी थाळी यायची, वर कागद, ‘शर्मिला, प्युअर व्हेज’. झुलेखा चिडवायची, करून करून भागली नि देवपूजेला लागली. जुईली सहा वर्षांची असताना कुणाच्या तरी वाढदिवसाला फिश फिंगर मागत होती, तर चंद्रहासने तिला मांडीवर घेऊन समजावलं होतं, आपण नाही खात बाळा. “बट व्हाय?” “कारण आईबाबांनी आजीला प्रॉमिस केलंय.” तेव्हा शर्मिलाला त्याचा अभिमान वाटला होता. आता शेगडीसमोर बसून तिला तो अभिमान आठवला आणि लाज वाटली. स्वतःचीच, हे आणखी नवल.

पण तिला सगळ्यात जास्त जे आठवत होतं ते निराळंच होतं आणि ते आठवायचं नाही असं तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं. दोन हजार एकच्या डिसेंबरात ती एकटीच वेंगुर्ल्याला गेली होती. आई थकली होती, पण मुलगी आली म्हणून उठून तिने बांगड्याचं तिखलं केलं. भांडं चुलीवरून उतरवताना ती मध्येच टेकली. तिरफळं ठेचून घातलेली, वर खोबरेलाची धार. पाटावर बसवून तिने ताट पुढे सरकवलं, आणि शर्मिला म्हणाली, “आई, मी खाईत नाय आता. तुका म्हायत आसा ना.” एरवी नुसती डाळ वाढून गप्प बसणारी आई त्या दिवशी हट्टाला पेटली. “खा गो बाय. एक तरी खा. हय कोण बघूक इला?” तिनेही तेच म्हटलं होतं, कोण बघतंय. पण तिचं म्हणणं वेगळं होतं. शर्मिला म्हणाली, “त्यांका आवडायचा नाय, आई.” त्यावर आई म्हणाली, “तो काय एक म्हणूचो नाय. माका म्हायत आसा.” “मी शब्द दिलंय.” आईने तिच्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग पदर तोंडाला लावून हसल्यासारखं केलं, “शब्द सगळेच देतत गो,” एवढं म्हणाली आणि ताटावर ताट पालथं घातलं. संध्याकाळी ते मांजराला गेलं. सहा आठवड्यांनी जाब्रियाच्या लॅबमध्ये फोन आला. त्यानंतर शर्मिलाने कधी कुणाला सांगितलं नाही, पण तिला पक्कं माहीत होतं की आईचा शेवटचा घास तिने शब्दासाठी नाकारला आणि म्हणून तो शब्द आता मोडता येत नाही. मोडला तर तो नकार फुकट गेला असता. एखाद्या गोष्टीची फार मोठी किंमत दिली की माणूस ती गोष्ट टाकू शकत नाही, मोडकी निघाली तरी.

“घे ना,” चंद्रहास अजून सुरळी धरून बसला होता. तिने ती घेतली, उलगडली, मासा काढून त्याच्या ताटलीत ठेवला आणि नुसता पाला नि केळं परत गुंडाळून त्या वाटीतल्या तांबूस पाण्यात बुडवलं. “त्यात पण मासा असतो,” तो हळूच म्हणाला, “म्हणजे खारवून मुरवलेलं पाणी असतं.” तोवर ते तोंडात गेलं होतं. मिरची, लसूण, लिंबू आणि त्याखाली एक जुना, खारा, कुजट-गोड वास. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर मे महिन्यात मासे सुकत घातलेले असायचे, शाळेतून येताना नाक न धरता त्यातून पळायचं. तिच्या तोंडाला पाणी सुटलं. इतकं सुटलं की तिला गिळावं लागलं. नवऱ्याने विश्वासघात केला त्याच क्षणी आपल्या तोंडाला पाणी सुटावं, याचा तिला विलक्षण राग आला. तिने आणखी काही खाल्लं नाही. चंद्रहासनेही खाल्लं नाही, बांगडे जाळीवर काळे होत गेले, आणि पैसे देऊन उठताना ती बाई डबा परत द्यायला लागली. “ठेवा,” शर्मिला मराठीतच म्हणाली, “तुम्हालाच चांगलं लागतंय.”

कुवेतला परत आल्यावर दीड महिना दोघं फार सभ्यपणे वागले. तो शुऐबाहून वेळेवर यायचा, भाजी चिरून द्यायचा, तिला हॉस्पिटलच्या बसने जाऊ न देता स्वतः जाब्रियाला सोडायचा. गाडीत एकदा म्हणाला, “चुकलं माझं. पण तू म्हणतेस तेवढं मोठं नाहीये गं. एक वर्ष. परक्या मुलखात.” तिने काहीच म्हटलेलं नव्हतं. पण एक वर्ष, परका मुलूख, हे शब्द तिच्या मनात हळूहळू जागा करू लागले. तिने त्याच्या बाजूने जमा करून पाहिलं, बायका करतात. दारू नाही, बाई नाही, कधी आवाज चढवला नाही. आणि सगळ्यांत वर ती एक गोष्ट होती, जिच्यासाठी तिने त्याला यापूर्वीही कितीतरी वेळा माफ केलं होतं. नव्व्याण्णव साली आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. शर्मिलाला रजा मिळेना. चंद्रहास कंपनीच्या कामासाठी मुंबईला गेला होता, तो तिथून रात्र बसमध्ये काढून वेंगुर्ल्याला गेला, चार दिवस राहिला, सासूच्या डोळ्यांत वेळच्या वेळी थेंब घातले, तिला हाताला धरून अंगणात फिरवलं. गावात म्हणे अजून लोक म्हणायचे, जावई असावा तर असा. आई फोनवर म्हणाली होती, “पोरगो लाखात एक आसा गो.” लाखात एक असलेल्या माणसाने परक्या गावात वर्षभर चार मासे खाल्ले, तर त्यात जगबुडी काय आली? असं तिने स्वतःला विचारलं, आणि उत्तर यायच्या आत एक गोष्ट ठरवून टाकली.

ऑगस्टातल्या एका शुक्रवारी ती फहाहीलच्या मासळी बाजारात गेली. पंधरा वर्षांनी. बाजार आता नवा झाला होता, फरशा, एसी, पाट्या. झुबैदीच्या ढिगावरून तिने नजर पुढे नेली आणि ओमानहून आलेले बांगडे मागितले. साफ करायच्या कट्ट्यावर रफीक म्हणून एक बांगलादेशी होता, तो म्हणाला, “मॅडम, मुंडी फेक दूँ?” ती जवळजवळ ओरडली, “मुंडी मत फेकना!” आणि मग दोघंही हसले. घरी येऊन तिने कपाटाच्या सगळ्यात मागच्या फळीवरून एक काचेची बाटली काढली. आईच्या दिवसांना गेली होती तेव्हा चुलीजवळच्या कोनाड्यातून उचलून आणलेली, तिरफळांची. साडेसहा वर्षं ती बाटली उघडली नव्हती. झाकण फिरवलं आणि वास आला, थोडा विरलेला, पण तोच. मिरच्या भिजवल्या, वाटल्या, चिंच कोळली, बांगड्यांना चिरा दिल्या. हाताला सगळं आठवत होतं, हाताने कुणाला शब्द दिला नव्हता. हे रागाने चाललं होतं की मायेने, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. पण तिने ठरवलं होतं ते असं, की आजपासून या घरात चोरी नको. तो खातो ना, मग माझ्यासमोर खाऊ दे, आणि मीही खाईन. शब्द मोडायचाच तर दोघांनी एका ताटाशी बसून मोडू. सासूबाईंना फोन करून सांगेन. जुईली पुढच्या आठवड्यात येईल, तिलाही सांगेन. अठरा वर्षांपूर्वी दोघांनी एका ताम्हनावर हात ठेवले होते, तसेच. तिला हलकं वाटत होतं. भांडं उतरवताना तर ती काहीतरी गुणगुणत होती.

चंद्रहास दुपारी आला. दारातच थबकला. नाकाने ओळखलं, मग तिच्याकडे पाहिलं. “ये,” ती म्हणाली, “हातपाय धू. गरम आहे तोवर बसू.” तो आला, बसला, आणि त्याचे डोळे भरून आले. ते खोटं नव्हतं, एवढं तिला अजूनही वाटतं. “शर्मिला, तू खरंच…” तो म्हणाला. “जेव आधी,” ती म्हणाली. तिने त्याला भात वाढला, त्यावर तिखलं, एक पूर्ण बांगडा डोक्यासकट. स्वतःलाही वाढून घेतलं. पण तिचा हात पुढे जाईना. ताटात तो लालभडक रस्सा, वर तेलाचा तवंग, आणि एकदम पालथं घातलेलं ताट डोळ्यांपुढे आलं. ती थांबली. तो मात्र भुकेला होता, सुटल्यासारखा होता, अपराध माफ झालेल्या माणसाला लागते तशी भूक त्याला लागली होती. त्याने पहिला घास घेतला, डोळे मिटले, काटा ओठांवर बरोबर बाजूला काढून ताटाच्या कडेला ठेवला, आणि म्हणाला, “वा! अगदी तुझ्या आईच्या हातचं. फक्त त्यांचं तिरफळ जरा झोंबायचं, जीभ बधिर व्हायची.”

त्याने दुसरा घास कालवला. तो तोंडापर्यंत नेला आणि तिथेच धरून ठेवला, कारण आपण काय बोललो ते आता त्यालाही ऐकू आलं होतं.

“तू केव्हा खाल्लंस आईच्या हातचं?” शर्मिलाने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

“अगं, म्हणजे, तू सांगितलं होतंस ना कधीतरी…”

“मी कधीच सांगितलं नाही.”

त्याने घास ताटात ठेवला. “ऑपरेशनच्या वेळी,” तो म्हणाला. “त्यांच्या डोळ्याला पट्टी होती तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी चुलीपाशी बसून केलं. शेजारणीकडून मासे आणवले. नाही कसं म्हणणार? चार दिवस रोज केलं त्यांनी. मी… कॉलेजच्या होस्टेलला असल्यापासूनच अधूनमधून… ते जाऊ दे. मी त्यांना म्हटलं, शर्मिलाला सांगू नका. ती उगाच मनाला लावून घेईल. त्या म्हणाल्या, शब्द देतंय, नाय सांगूचंय.”

म्हणजे आईला माहीत होतं. चार दिवस जावयाच्या ताटात बांगडे वाढून, त्याला बोटं चाटताना ऐकून, आई सगळं जाणून होती. मुलगी दोन वर्षांनी समोर बसून म्हणते, त्यांका आवडायचा नाय. आणि आई म्हणते, तो काय एक म्हणूचो नाय, माका म्हायत आसा. शर्मिलाने ते म्हातारीचं उगाच बोलणं समजून सोडून दिलं होतं. ती तर सांगत होती. जावयाला दिलेला शब्द न मोडता जेवढं सांगता येईल तेवढं सांगत होती, एकच घास खा म्हणत होती, आणि मुलगी आपला शब्द कवटाळून बसली होती. पदराआड ती हसली नव्हती. शर्मिलाला आज, फहाहीलच्या टेबलाशी बसून, ते हसणं नीट दिसलं. दोघांनी मिळून तिला एकटीला शब्द पाळायला ठेवलं होतं, एकाने सोयीसाठी आणि एकीने इमानासाठी. आणि त्यातलं एक माणूस आता भांडायलाही उरलं नव्हतं.

“वासानंच मळमळतं म्हणाला होतास,” ती म्हणाली.

चंद्रहास उठला. उष्टा हात तसाच पुढे धरून तो हॉलमध्ये गेला, एसी बंद केला, आणि सवयीने, केवळ जुन्या सवयीने, डाव्या हाताने खिडकीची कडी काढू लागला. बाहेर ऊन पांढरंफटक पडलं होतं. काचेच्या फटीतून गरम वारा आत आला.

“खिडकी उघडू नकोस,” शर्मिला म्हणाली.

त्याने वळून पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिने ताट जवळ ओढलं होतं, भात रश्श्यात नीट कालवला होता, आणि बांगड्याचा काटा आई काढायची तसा, शेपटीकडून, एका ओढीत मोकळा केला होता. “वास राहू दे घरात,” ती म्हणाली आणि घास तोंडात घातला. तिरफळ जुनं झालं होतं. तरी जीभ बधिर झाली, मग ओठ, मग डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ती खात राहिली.